न पाहिलेल्या यानाचे खरेपण

टीकाकाराने कशावर लिहावे याचे काही संकेत आपल्याकडे ठरून गेले आहेत. कादंबरी, कवितासंग्रह, नाटक, फार तर एखादा बोलपट. खेळण्यावर कोणी टीकालेख लिहिला तर या गृहस्थाला विषय मिळेनासे झाले असावेत, अशी शंका वाचकाला यायचीच. तरीही या दिवाळीत मी एका खेळण्यावर लिहिणार आहे. आणि तेही अशा खेळण्यावर, की ज्याची मूळ वस्तू जगात कोठेच नाही. विज्ञानकथांतील अंतराळयानांच्या ज्या लहान प्रतिकृती हौशी माणसे सुटे भाग जोडून, रंगवून, बारकावे भरून तयार करतात, त्या प्रतिकृती हा माझा विषय.

विषय वाटतो तितका पोरकट नाही. पुण्याकडे मुले दिवाळीत मातीचे किल्ले करतात. एखाद्याने प्रतापगड केला आणि बुरूज भलत्या बाजूला काढला, तर ज्याने प्रतापगड पाहिला आहे तो माणूस चूक दाखवू शकतो. आगगाडीच्या इंजिनाची प्रतिकृती खऱ्या इंजिनाशी ताडून पाहता येते. पण जे यान कोणी बांधले नाही, कोणी पाहिले नाही, त्याच्या प्रतिकृतीला आपण 'हुबेहूब' म्हणतो ते कशाशी ताडून? म्हणतो तर खरे! दोन प्रतिकृती शेजारी ठेवल्या तर त्यांतली एक आपल्याला खरी वाटते आणि दुसरी डबा वाटते. हा निवाडा मन कोणत्या आधारावर करते?

मी हस्तकला शिकवणारा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कादंबरीतही हाच प्रश्न असतो. जी माणसे कधी जन्मलीच नाहीत ती वाचकाला खरी का वाटावीत? म्हणून या यानांकडे मी नुसत्या कौतुकाने पाहू शकत नाही. ती माझ्याच धंद्यातली वाटतात.

प्रथम हे काम कसे चालते ते सांगतो. कारण घरातल्या वडीलधाऱ्यांना 'पोरगा खोलीत बसून काय चिकटवतो' याचा बहुधा पत्ता नसतो. संचाच्या खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि फांदीला फळे लागावीत तसे सुटे भाग त्या चौकटींना लागलेले असतात. ते कापून काढायचे, देठाची खूण कानशीने घासायची, प्लॅस्टिक किंचित विरघळवणाऱ्या पातळ द्रवाने दोन भाग सांधायचे, सांध्यात लांबी भरून पॉलिशपेपर मारायचा, मग अस्तराचा हात, मग रंगाचे हात. शेवटी अक्षरे आणि चिन्हे पाण्यात भिजवून अलगद सरकवायची. एवढे झाले की यान उभे राहते. पण हौशी माणसाचे खरे काम येथून पुढे सुरू होते. पत्र्यांच्या जोडरेघांत पातळ काळपट रंग सोडून वरचा पुसून घ्यायचा, उंचवट्यांच्या कडांवर जवळजवळ कोरडा कुंचला फिरवायचा, धुराचे डाग, ओघळ, खरचटे काढायचे, आत बारीक दिवे बसवायचे. याला तो 'डीटेलिंग' म्हणतो. आपण बारीककाम म्हणू.

या बारीककामाची पहिली कसोटी गणिताची आहे, आणि ते गणित खानदेशाला परके नाही. चाळीसगावजवळ पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची त्यात नोंद आहे. त्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तले त्रैराशिक ज्याला येते, त्याला प्रतिकृतीचे प्रमाण समजते. जपानच्या 'बांदाई' कंपनीने २०१७ साली 'स्टार वॉर्स' चित्रपटातील 'मिलेनियम फाल्कन' या यानाचा एक मोठा संच काढला. त्याचे प्रमाण ७२ला १. कथेतले यान पावणेपस्तीस मीटर लांब मानले आहे. म्हणून प्रतिकृती सुमारे ४८ सेंटिमीटर. या हिशेबाने साडेपाच फुटांचा माणूस तेथे सव्वादोन सेंटिमीटरांचा होतो, म्हणजे करंगळीच्या दोन पेरांएवढाही नाही. आता या यानावर पाव मिलिमीटर रुंदीची जोडरेघ काढली, तर प्रत्यक्षात ती दोन पत्र्यांमधली १८ मिलिमीटरांची फट झाली. तिच्यातून बोट आरपार जाईल. बाहेर हवा नाही, आत माणसे श्वास घेत आहेत, आणि पत्र्यांत बोटभर फट! रेघ सुबक असेल, पण तिने आतली सगळी माणसे मारून टाकली.

हे मला धुळ्यास सुचले. माझा एक माजी विद्यार्थी तेथे औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहे. रात्री जेवणे उरकली की टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरून तो संच जोडतो. त्याच्याकडे 'स्टार ट्रेक'मधल्या 'एंटरप्राइज' यानाची प्रतिकृती पाहिली. ही मालिका अमेरिकेत १९६६ साली सुरू झाली आणि त्याच साली 'एएमटी' कंपनीने या यानाचा संच बाजारात आणला. तो पुढे अनेकदा निघाला. कथेतले यान २८९ मीटरांचे, आणि प्रतिकृती सुमारे ४५ सेंटिमीटरांची. म्हणजे प्रमाण साधारण ६५०ला १. येथे माणूस तिळाएवढा. माझ्या विद्यार्थ्याने वरच्या तबकडीवरच्या खोदीव रेघा काळ्याभोर भरल्या होत्या. सफाई अशी की पाहत राहावे. पण पाव मिलिमीटरची रेघ या प्रमाणात १६ सेंटिमीटरांची होते. मी तसे म्हणताच तो हसून म्हणाला, "सर, रेघा नसल्या तर लोकांना जेवणाचं ताट वाटतं. रेघा आल्या की यान वाटतं."

त्याच्या उत्तरात तथ्य आहे आणि तेथेच वादही आहे. रेघा मोठेपणा सांगतात. सपाट भिंतीपेक्षा विटा दिसणारी भिंत उंच वाटते, कारण वीट केवढी असते ते डोळ्याला ठाऊक असते. पण 'एंटरप्राइज'ची गोष्ट निराळी आहे. तिची आकृती ठरवणारे मॅट जेफरीज हे विमानांचे जाणकार होते. त्यांचा विचार असा, की यंत्रे दुरुस्त करायला माणसाला सारखे बाहेरच्या पोकळीत जावे लागू नये. म्हणून यंत्रे सगळी आत आणि बाहेरचे अंग गुळगुळीत. म्हणजे त्या यानाचे गुळगुळीतपण हाच त्याचा बारकावा आहे. चित्रीकरणासाठी केलेली ११ फुटांची मूळ प्रतिकृती १९७४ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला मिळाली. १९९१ साली तिची डागडुजी झाली तेव्हा पत्र्यांच्या छटा ठळक करण्यात आल्या, आणि पुष्कळ जाणकारांना ते रुचले नाही. २०१६ साली तिला पुन्हा मूळ रूपाजवळ आणण्यात आले. एका बोटाच्या रुंदीच्याही नसलेल्या छटांवर शहाणीसुरती माणसे वर्षानुवर्षे वाद घालतात हे ऐकून कोणी हसेल. मला हसू येत नाही. एका विशेषणावरून संपादकाशी भांडलेला लेखक त्यांना कसा हसेल?

गुळगुळीत यानांच्या उलट दुसरा संप्रदाय आहे. १९६८ सालच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' या चित्रपटासाठी 'डिस्कव्हरी' यानाची मोठी प्रतिकृती ५४ फुटांची केली होती. तिच्या अंगावरचे बारकावे भरण्यासाठी बाजारातल्या खेळण्यांच्या संचांतले भाग वापरले. १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स'च्या कारागिरांनी तीच युक्ती मनमुराद चालवली. रणगाडे, शर्यतीच्या मोटारी, लढाऊ विमाने यांचे संच फोडून त्यांचे शेकडो तुकडे यानांना चिकटवले. असल्या तुकड्याला त्या मंडळींत 'ग्रीबल' म्हणतात. त्याचे काम काय? काहीच नाही. येथे काहीतरी गुंतागुंतीचे चालले आहे, असा भास करून देणे एवढेच. पडद्यावर यान झपकन निघून जाते, तोवर डोळा या भासावर खूश असतो.

पण टेबलावर ठेवलेली प्रतिकृती झपकन निघून जात नाही. तिच्यासमोर माणूस चहाचा पेला घेऊन बसतो आणि न्याहाळतो. चित्रपटात खपलेला भास येथे खपत नाही. आणि याच 'डिस्कव्हरी'च्या बाबतीत एक उलटी गंमत झाली आहे. पोकळीत उष्णता वाऱ्याने जात नाही. ती केवळ किरणांच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. जळगावच्या मे महिन्यात आपण निदान झाडाखाली वाऱ्याला बसतो; यानाला तीही सोय नाही. म्हणून अणुशक्तीवर चालणाऱ्या यानाला उष्णता बाहेर टाकणारे मोठमोठे पंख्यासारखे पत्रे हवेत. चित्रपटकर्त्यांना हे ठाऊक होते. पण प्रेक्षक त्यांना उडण्याचे पंख समजतील आणि 'हवा नाही तेथे पंख कशाला?' असे विचारतील, या धास्तीने ते पत्रे गाळले. म्हणजे निरर्थक तुकडा खरा ठरला आणि जो खरा भाग तो खोटा वाटेल म्हणून गेला! खरेपणाचा निम्मा हिशेब पाहणाराच्या माहितीत असतो, हे यावरून दिसते.

पाहणाराच्या डोळ्याचा हा हिशेब आपल्या खानदेशात एका माणसाने फार पूर्वी ओळखला होता. चाळीसगावचे केकी मूस. जन्म १९१२, मृत्यू १९८९. इंग्लंडात कलेचे शिक्षण घेऊन ते चाळीसगावला परतले आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षे त्या घरातून फारसे बाहेर पडले नाहीत. त्यांचे ते घर आता कलादालन आहे. बाहेरच्या जगात न जाता त्यांनी जग टेबलावर मांडले. घरातल्या साध्यासुध्या वस्तूंची रचना करायची, प्रकाश हवा तसा पाडायचा, आणि छायाचित्र असे घ्यायचे की पाहणाराला तो विस्तीर्ण देखावाच वाटावा. याला 'टेबल-टॉप' छायाचित्रण म्हणतात, आणि या कलेत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. यान जोडणाऱ्या मुलांना मी सांगतो, बाबांनो, सुट्टीत एकदा चाळीसगावला जाऊन या. टेबलावरची वस्तू वरून पाहिली तर खेळणे; डोळा टेबलाच्या पातळीला नेला की ती डोंगर होते. एका बाजूने एकच प्रखर दिवा ठेवला तर सूर्य होतो; चार बाजूंनी चार दिवे लावले तर लग्नाचा मांडव. अवकाशात तर हवाच नसल्यामुळे दूरच्या वस्तू धूसर होत नाहीत आणि सावल्या सुरीने कापल्यासारख्या पडतात. म्हणून यानाच्या प्रतिकृतीला एकच दिवा पुरे.

मूसांच्या कलेचा नियम असा, की वस्तू ओळखू येता कामा नये. ओळखू आली की देखावा विरघळला. आता मी ज्या यानाविषयी सांगणार आहे, त्याने हा नियम मोडला. आणि तरी ते यान मला आजवर पाहिलेल्या सर्वांत खरे वाटले. हा विरोध कसा मिटवावा यासाठीच मी या लेखाला हात घातला.

यान माझ्या वर्गातल्या एका मुलाचे. गाव पारोळ्याच्या बाजूचे, घरी थोडी शेती. परदेशी संचांच्या किमती हजारांत; त्यामुळे त्याने कोणा चित्रपटातले यान केले नाही, स्वतःचेच रचले. सांगाडा पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यांचा, आणि अंगावरचे सारे बारीककाम ठिबक सिंचनाच्या उरल्यासुरल्या भागांचे : ड्रिपर, जॉइनर, ग्रोमेट, एंड कॅप, बारीक मायक्रोट्यूब, फुटक्या फिल्टरची जाळी. कॅलिफोर्नियातल्या कारागिरांनी रणगाडे फोडले, याने बांधावरची टोपली उपसली. मी त्याला प्रमाण ठरवायला सांगितले. त्याने ७२ला १ धरले आणि हिशेब केला : १६ मिलिमीटरची ठिबकची नळी म्हणजे सव्वा मीटरच्या आतबाहेरचे भुयार, माणूस रांगत जाईल असे. १५ मिलिमीटरचा ड्रिपर म्हणजे १०८ सेंटिमीटरचे दार, वाड्याच्या दिंडीसारखे, वाकून शिरायचे. चार मिलिमीटरची मायक्रोट्यूब म्हणजे वीतभराहून थोडी जाड वाहिनी. हिशेब झाल्यावर त्या यानात माणसे राहू लागली.

रंगाचा हात देण्यापूर्वी मुलाचे आजोबा ते पाहायला शाळेत आले. म्हाताऱ्याने यान हातात घेतले, फिरवले, आणि लगेच म्हणाला, "हाई ते आपला ठिबकना जॉइनर शे!" मुलाचा चेहरा उतरला. मूसांच्या नियमाने यान तेथेच संपायला हवे होते. पण म्हातारा थांबला नाही. त्याने टाकीपासून बोट फिरवायला सुरुवात केली. टाकीतून नळी निघाली, फिल्टरला आली, पुढे दोन फाटे, एक इंजिनाकडे. दुसऱ्या फाट्यावर बोट अडले. नळी यानाच्या पाठीवर मध्येच संपली होती. "हाई नळी कोठे जास?" त्याने विचारले. मुलगा म्हणाला, "आबा, ती शोभेची आहे." म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, शोभेच्या नळीतूनबी पानी गळतंच की."

मी टीकेची पुस्तके थोडीफार वाचली आहेत. इतका नेमका टीकाविचार फार थोड्या ठिकाणी सापडला. मुलाने दोन दिवस विचार केला आणि ती नळी माणसे राहतात त्या भागाकडे नेली. वाटेत एक व्हॉल्व्ह बसवला, टोकाला एंड कॅप लावली. आता टाकीत इंधन नव्हे तर पाणी असावे असे ठरले, म्हणून इंजिनासाठी निराळी टाकी आली. निराळ्या टाकीला जागा हवी म्हणून यानाचे पोट वाढले. एका प्रश्नाने यानाची आकृतीच बदलली. यानंतर त्यातला जॉइनर जॉइनर म्हणून ओळखू आला तरी बिघडत नव्हते, कारण तो तेथे जॉइनरचेच काम करत होता. परकी वस्तू ओळखली की भास मोडतो. पण ओळखीची वस्तू आपल्या ओळखीच्याच कामाला लागलेली दिसली की विश्वास उलट वाढतो. मूसांचा नियम देखाव्याचा आहे, कारण देखाव्यात वस्तूला दुसऱ्या कोणाचे सोंग घ्यायचे असते. यान हे काम करणारे घर आहे. त्यातल्या वस्तूंनी सोंग घेऊ नये, आपापले काम करावे. विरोध मिटला तो असा.

त्या यानाचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. एका विज्ञान प्रदर्शनात ते ठेवले गेले. शेजारी कोणा सधन घरच्या मुलाने आणलेला परदेशी संच होता, खोक्यावरच्या चित्राबरहुकूम जोडलेला. त्याला 'प्रतिकृती' विभागात बक्षीस मिळाले. आमच्या यानाला परीक्षकांनी 'टाकाऊतून टिकाऊ' या टेबलावर हलवले आणि उत्तेजनार्थ प्रमाणपत्र दिले. शेजारी बाटल्यांच्या फुलदाण्या आणि आइसफ्रूटच्या काड्यांचे पेनस्टँड होते. परीक्षक भली माणसे होती. त्यांनी वस्तू कशाची केली आहे ते पाहिले, काय केली आहे ते पाहिले नाही. मराठी समीक्षेला हा रोग अपरिचित नाही. खेड्यातल्या लेखकाची कादंबरी आली की बोलीचे, मातीच्या वासाचे कौतुक होते आणि तिला 'ग्रामीण' या टेबलावर नेऊन ठेवतात. तिची रचना कशी आहे, तिच्यातली कोणती नळी कोठे जाते, हे पाहायला कोणी थांबत नाही. कौतुक करून बाजूला सारण्याचा हा प्रकार निंदेपेक्षा वाईट. निंदेला निदान उत्तर देता येते.

आता बारीककामाच्या शेवटच्या अंगाकडे वळतो : मळवणे. नवे कोरे यान खोटे दिसते, म्हणून हौशी मंडळी त्यावर डाग पाडतात. पण पुष्कळदा डाग असे पडतात की यान गॅरेजमधली मोटार वाटते. अवकाशात पाऊस नाही, चिखल नाही. गंज चढायला हवेतला प्राणवायू नाही. मग यान मळते कशाने? परतीच्या वाटेवर वातावरणातून येताना जळते. रशियाचे सोयूझ परतते तेव्हा काळेठिक्कर झालेले असते. इंजिनाच्या तोंडाशी भाजते. सूक्ष्म कणांनी टोचले जाते : १९८३ साली 'चॅलेंजर' यानाच्या खिडकीच्या काचेला रंगाच्या एका कपच्याने खड्डा पाडला होता. ही खरी मळण्याची कारणे. कारण ठाऊक असेल तर डाग कोठे हवा हे आपोआप कळते.

हे शिकायला परदेशी पुस्तक लागत नाही. मी मुलांना धुळ्याच्या बसस्थानकावर उभे करतो आणि एसटी पाहायला लावतो. रंग कोठे उडाला आहे? दाराच्या दांडीवर, जेथे रोज शेकडो हात पडतात. चिखल कोठे? चाकामागे. काजळी कोठे? नळकांड्यापाशी. आणि खिडक्यांखालचे ओघळ कशाचे, ते दिवाळीच्या अंकात न लिहिलेले बरे. ती बस कोणत्या वाटेने आली, किती माणसे चढली, घाटात किती जणांना मळमळले, सगळे तिच्या अंगावर लिहिलेले असते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवायची : ओघळ खाली जातो, कारण पृथ्वी त्याला खाली ओढते. पोकळीत वर-खाली नाही. म्हणून यानावर ओघळ काढला तर त्याचा अर्थ हे यान कोठल्या तरी ग्रहावर उतरून बराच काळ उभे होते. ज्या यानाला कथेत कधी उतरायचेच नाही त्याच्यावर ओघळ काढणे म्हणजे ब्रह्मचाऱ्याच्या खोलीत पाळणा टांगणे. उतरणाऱ्या यानावर मात्र तोच ओघळ एक आख्खे प्रकरण सांगून जातो.

येथे मी माझ्या मूळ धंद्याकडे येतो. चंद्रप्रवासाची कथा मराठी वाचकाला नवी नाही. ज्यूल व्हर्नची चंद्रावरची सफर विसाव्या शतकाच्या आरंभीच 'केरळकोकिळ'मधून मराठीत आली. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. तिच्या कथास्पर्धेसाठी १९७४ साली जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली, आणि शास्त्रज्ञाच्या लेखणीने या प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली. तरी मी वाचलेल्या पुष्कळ मराठी विज्ञानकथांत यान एका वाक्यात उडते आणि दुसऱ्या वाक्यात पोहोचते. ते चकचकीत असते, अतिप्रचंड असते, त्यात असंख्य बटणे असतात. त्या बटणांतले एक तरी वापरून झिजले आहे का? पाणी कोठून येते? ओले कपडे कोठे वाळतात? याचा पत्ता लागत नाही. शास्त्र बरोबर असते. यान मात्र गुळगुळीत, आणि तेही जेफरीजच्या यानासारखे कारण असलेले नव्हे.

व्हर्नचे उलटे. त्याचे शास्त्र आज टिकत नाही. तोफेच्या गोळ्यात माणसे बसवून डागली तर पहिल्याच धक्क्याला त्यांचा चेंदामेंदा होईल. पण त्या गोळ्यात त्याने गाद्यांचे अस्तर लावले, कोंबड्या नेल्या, कुत्री नेली. पुढे एक कुत्रे मरते, त्याला बाहेर टाकतात, आणि ते खाली पडण्याऐवजी गोळ्याच्या बरोबरीने खिडकीबाहेर चालत राहते. दीडशे वर्षे होऊन गेली, ते मेलेले कुत्रे अजून आमच्या खिडकीबाहेर आहे. तोफेवरचा आमचा विश्वास उडाला, गोळ्यावरचा नाही. शास्त्र चुकवावे असे मी म्हणत नाही. शास्त्राने यान उडते, वाचक मात्र त्यात शिरतो तो कोठेतरी ओळखीचे काम चाललेले दिसते तेव्हाच.

कोणी विचारील, मग आईबापांनी मुलांना हे महागडे संच घेऊन द्यावेत की नाही? घेता येत असेल तर एखादा अवश्य घ्यावा. संच जोडताना हात बसतो, धीर येतो, वाळायला ठेवलेल्या सांध्याला उद्यापर्यंत शिवायचे नाही हा संयम येतो. आणि तो आजकाल शाळेत फारसा शिकवता येत नाही. खोक्यावरच्या चित्राप्रमाणे जोडणे हे शुद्धलेखन आहे. शुद्धलेखनावाचून भाषा येत नाही; मात्र वर्षानुवर्षे कोणी नुसते शुद्धलेखनच काढत बसू नये. दुसरे यान मुलाला त्याच्या अंगणातल्या वस्तूंचे करू द्यावे, आणि घरातल्या वडीलधाऱ्याने ते हातात घेऊन नळीवरून बोट फिरवावे. नुसते 'छान, छान' म्हणून परत देऊ नये. मुलाला शाबासकी पुष्कळ मिळते. त्याचे काम नीट पाहणारा माणूस क्वचित मिळतो.

त्या मुलाचे प्रमाणपत्र कोठे गेले कोणास ठाऊक. यान मात्र शाळेच्या कपाटात आहे. परवा तो पुन्हा ते काढून बसला होता. दाराच्या, म्हणजे त्या ड्रिपरच्या, एका कडेचा रंग त्याने काचकागदाने हलकेच उडवला. मी विचारले, एकाच बाजूचा का? तो म्हणाला, "सर, बाहेरून येणारा माणूस याच कडेला धरून आत येणार ना. दुसरीकडे धरायला काही नाहीच."